स्कूटरचं टॉप स्पीड ट्यूनिंग

छोट्या स्कूटरचं, म्हणजे साधारण 50 ते 125 सीसीच्या बेल्टवर चालणाऱ्या ऑटोमॅटिक गाडीचं, इंजिन आणि ड्राइव्ह असं जुळवून घेणं की ती कंपनीने दिलेल्या कमाल वेगाच्या थोडी वर जाईल, आणि तरी पिस्टन सीझ होणार नाही (तापून सिलिंडरमध्ये चिकटणार नाही), बेल्ट तुटणार नाही, ब्रेक कमी पडणार नाही, याला टॉप स्पीड ट्यूनिंग म्हणतात. पहिला अर्धा भाग सगळ्यांना पाठ असतो, दुसरा गाडी सीझ झाल्यावर आठवतो.

पिकअप आणि टॉप स्पीड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि निम्मे पैसे या घोळातच वाया जातात. सिग्नलवरून गाडी सणकन सुटायला लागली की आपल्याला वाटतं जास्त पळायला लागली, पण सरळ रस्त्यावर काटा जिथे अडकत होता तिथेच अडकतो, कधीकधी आधीपेक्षा खालीच. कारण वरच्या वेगाला खरी मारामारी हवेशी असते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो तोडायला लागणारी ताकद घनाने. म्हणजे 60 च्या गाडीला 70 ला न्यायचं तर वेग वाढला साधारण 17 टक्के पण नुसत्या हवेसाठीच ताकद लागली जवळपास 1.6 पट! 49 सीसीचं इंजिन हे आणणार कुठून? म्हणूनच हँडलवर वाकून, फडफडणारं जॅकेट नीट बंद करून बसलं तर फुकटात 2-4 किमी मिळतात, आणि उंच विंडशील्ड लावली की तेवढेच जातात.

वेग कुठे हरवलेला असतो

बहुतेक वेळा नवा वेग बनवायचाच नसतो, हरवलेला परत मिळवायचा असतो. टायरमध्ये हवा कमी, मागचा ड्रम ब्रेक किंचित घासतोय, एअर फिल्टर चोंदलेला, सायलेन्सरमध्ये काजळी (टू-स्ट्रोकमध्ये तर हमखास), व्हॉल्व्हचं क्लिअरन्स बिघडलेलं. हे सगळं आधी ठीक करा आणि मग वेग मोजा, पुष्कळांचं काम इथेच संपतं.

दुसरं कारण मुद्दाम घातलेलं असतं. युरोपात 50 सीसीच्या मोपेड वर्गाला 45 किमीची कमाल मर्यादा आहे, म्हणून तिथल्या गाड्यांना कंपनीतूनच लगाम घालून येतो. व्हेरिएटरमध्ये (बेल्ट फिरवणाऱ्या, आपोआप गिअर बदलणाऱ्या पुल्यांमध्ये) एक रिंग किंवा वॉशर, सायलेन्सरच्या गळ्यात अरुंद नळी, थ्रॉटलला स्टॉपर, नाहीतर सीडीआयमध्ये (स्पार्क देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्यात) आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, तोडणारं सर्किट. एकाच गाडीत यातले दोन-तीनही असू शकतात, त्यामुळे एक काढून काहीच फरक पडला नाही असं वाटतं, कारण दुसरा अजून बसलेला असतो. हे लगाम काढायचा जो धंदा वाढला त्यातूनच आजच्या स्कूटर ट्यूनिंगचा मोठा भाग आला. इटलीतल्या मालोस्सी आणि पोलिनी या त्यातल्या जुन्या कंपन्या. लगाम काढला की गाडी कागदावर त्या वर्गातली राहत नाही, लायसन्स, रजिस्ट्रेशन आणि विमा तिघांचाही प्रश्न येतो, आणि अपघात झालाच तर विमा कंपनी पहिल्यांदा हेच बघते. म्हणून अशी गाडी एकतर नव्या वर्गात रीतसर मंजूर करून घ्यावी लागते किंवा बंद ट्रॅकवर चालवावी लागते, मधला रस्ता नाही.

व्हेरिएटर

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा, कारण इथे इंजिनवर एक पैशाचा ताण न टाकता वेग मिळू शकतो. रचना सोपी आहे. पुढे क्रँकवर (इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर) दोन पुल्या समोरासमोर, मागे क्लचजवळ तशाच दोन, आणि मधून व्ही आकाराचा बेल्ट. आरपीएम वाढला की पुढच्या पुलीतले रोलर (छोटी गोल वजनं) बाहेर फेकले जातात, उतरंडीवर चढून सरकत्या पुलीला ढकलतात, पुल्या जवळ येतात आणि बेल्ट वर चढतो. मागे उलट होतं, बेल्ट स्प्रिंगला दाबत पुल्या उघडतो आणि आत बसतो. पुढे मोठा गोल, मागे छोटा गोल, हाच टॉप गिअर. हीच युक्ती कारमध्ये डच डाफ कंपनीने 1958 साली आणली होती.

आता टॉप स्पीडसाठी प्रश्न एकच, बेल्ट पुढच्या पुलीच्या अगदी कडेपर्यंत चढतोय का? हे बघायची पद्धत फार मस्त आहे. कव्हर उघडायचं, पुलीच्या तोंडावर मधून कडेपर्यंत मार्करने सरळ रेघ ओढायची, कव्हर लावून गाडी सुरक्षित जागी फुल थ्रॉटलला पळवायची आणि परत उघडायचं. बेल्ट जिथवर गेला तिथवर रेघ पुसलेली असते. काठाला चार-पाच मिलिमीटर रेघ शिल्लक असेल तर तुमचा वेग तिथे पडून आहे. कारण लगामाची रिंग असेल, चपटे झालेले रोलर असतील, किंवा बेल्ट घासून अरुंद झालेला असेल, कारण अरुंद बेल्ट पुल्या पूर्ण मिटल्या तरी खालीच बसतो. जुना बेल्ट काढून नवा टाकल्यावर गाडी 3-4 किमी जास्त पळाली तर त्यात जादू काही नाही.

रोलरच्या वजनावर लोक तासन्‌तास वाद घालतात. हलके रोलर टाकले की इंजिन वरच्या आरपीएमवर राहतं, पिकअप येतो. जड टाकले की बेल्ट लवकर चढतो आणि आरपीएम पडतो. फार हलके असले तर बेल्ट पूर्ण चढतच नाही, इंजिन नुसतं किंचाळतं आणि गाडी तिथल्या तिथे. अर्ध्या-एक ग्रॅमने बदलत जावं आणि सगळे रोलर एकाच वजनाचे असावेत. मागची स्प्रिंग कडक टाकली की रेसिंग होतं हा एक गैरसमज आहे, कडक स्प्रिंग बेल्टला मागे आत बसूच देत नाही आणि टॉप स्पीड उलट खातो.

एक सांगायचं राहिलं, व्हेरिएटरचं नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कलाच (पिळाच्या जोरालाच) आवळायचं. अंदाजाने आवळलेलं नट सैल झालं तर पुली क्रँकचे दाते खाऊन टाकते आणि मग रोलर बदलायला निघालेला माणूस पूर्ण क्रँक बदलून परत येतो.

मागच्या चाकातले फायनल गिअर बदलले की त्याच आरपीएमला चाक जास्त फिरतं. हिशोब करून बघा, इंजिन 8,000 आरपीएम, एकूण रेशो 10 ला 1 (इंजिनाचे 10 फेरे, चाकाचा 1), चाकाचा घेर 1.35 मीटर, म्हणजे मिनिटाला 1,080 मीटर, जवळपास 65 किमी. रेशो 9 केला तर कागदावर 72. पण इंजिनात तेवढी ताकद नसेल तर ते 8,000 ला पोचतच नाही, आणि गाडी आधीपेक्षा हळू होते. त्यामुळे गिअर नेहमी शेवटी.

श्वास आणि पेट्रोल

टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर हा इंजिनाचा भागच समजायचा. पोट फुगलेला एक्स्पान्शन चेंबर आवाजासाठी नसतो, त्यातून उलटी येणारी दाबाची लाट बाहेर निसटू पाहणाऱ्या ताज्या मिक्स्चरला परत सिलिंडरमध्ये ढकलते. पूर्व जर्मनीच्या एमझेड या मोटरसायकल कंपनीत इंजिनिअर वॉल्टर काडेनने 1950 च्या दशकात हे तंत्र पक्कं केलं. चेंबरची लांबी ठरवते की ही लाट कुठल्या आरपीएमला कामाची, म्हणून सायलेन्सर बदलला की रोलरही परत जुळवावे लागतात. फोर-स्ट्रोकमध्ये नुसत्या सायलेन्सरने मुख्यतः आवाज वाढतो.

हवा वाढली की पेट्रोल वाढलंच पाहिजे, आणि इंजिनं मरतात ती बहुतेक इथे. मिक्स्चर लीन झालं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं) की आधी गाडी छान, हलकी पळते, माणूस खूश होतो, आणि मग पिस्टन तापून चिकटतो. टू-स्ट्रोकमध्ये तर ऑइलही पेट्रोलबरोबरच येतं, म्हणजे पेट्रोल कमी पडलं की वंगणही कमी. लांब उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद करून गाडी जोरात सोडणंसुद्धा याच कारणाने वाईट.

फुल थ्रॉटलचा मालक मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची तोटी. डेल'ऑर्टो कार्बोरेटरच्या जेटवर 75 लिहिलं असेल तर भोक 0.75 मिमी. सुरुवात नेहमी मोठ्या जेटपासून करायची आणि एकेक पायरी खाली यायचं, उलट कधीच नाही. मग थोडं अंतर फुल थ्रॉटलला पळवून तिथेच इंजिन बंद करायचं आणि थंड झाल्यावर प्लग काढून बघायचा. कॉफीसारखा तपकिरी म्हणजे ठीक, काळा ओला म्हणजे रिच (पेट्रोल जास्त), पांढरा म्हणजे लीन, तिथेच थांबा. आणि उन्हाळ्यात जुळवलेला जेट थंडीत लीन होतो कारण थंड हवा दाट असते. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत हेच काम ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरच्या) मॅपमध्ये होतं.

बोअर किट, म्हणजे जास्त रुंद सिलिंडर आणि पिस्टन, हा मोठा उपाय. खूप चालणाऱ्या एका चिनी फोर-स्ट्रोक इंजिनात 39 मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि 41.5 मिमी स्ट्रोक (पिस्टनची चाल) असतो, म्हणजे 49.6 सीसी. 47 मिमीचं किट टाकलं की 72 सीसी. ताकद खरी वाढते, पण उष्णताही वाढते आणि कूलिंग फॅन तोच राहतो. नवी रिंग बसेपर्यंत रनिंग-इन करावंच लागतं, म्हणजे गाडी हळू चालवावी लागते, पहिल्याच दिवशी ताणायला गेलं की किट गेलं.

ब्रेक, टायर आणि काटा

क्रमाने हे पहिलं यायला हवं होतं, पण लोक जसं करतात तसं इथेही शेवटी आलं. 45 वरून 70 वर गेलं की थांबवायची ऊर्जा 2.4 पट होते, आणि 70 ला ब्रेक दाबायचा विचार करण्यात एक सेकंद गेला तरी गाडी 19 मीटर पुढे गेलेली असते. छोटा ड्रम ब्रेक दोन-तीन वेळा जोरात दाबला की तापून ढिला पडतो. त्यामुळे नवे शू किंवा पॅड, डिस्क असेल तर ताजं ब्रेक फ्लुइड, हँडलचं बेअरिंग आणि इंजिन माउंटचे बुश हे सगळं जेटच्या आधी. टायरच्या बाजूवर वेगाचं इंग्रजी अक्षर असतं, 'J' म्हणजे 100 किमीपर्यंत, आणि चार आकडी तारीख असते, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. नक्षी चांगली दिसली तरी रबर म्हातारं असू शकतं.

काट्यावर विश्वास ठेवू नये. संयुक्त राष्ट्रांच्या 39 क्रमांकाच्या नियमानुसार मंजुरीच्या वेळी स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचं नसतं, जास्त मात्र 10 टक्के अधिक 4 किमीपर्यंत चालतं. म्हणजे खऱ्या 70 ला काटा 81 दाखवू शकतो. वेग मोजायचा तर जीपीएसवर, सपाट रस्त्यावर, जाताना आणि येताना, आणि दोन्हींची सरासरी काढून, कारण पाठीमागून वारा असला की सगळ्याच गाड्या ट्यून केलेल्या वाटतात.