कळशीतला लाल गाळ आणि विरघळलेली वाळू

गोव्यात डिचोलीजवळच्या एका घरी बोअरचं पाणी कळशीत भरताना पाहिलं. नळातून पडलं तेव्हा अगदी नितळ. तासाभरात पिवळसर झालं, संध्याकाळी तांबूस. सकाळी तळाशी हात घातला, तर गाळ बोटांना शेवाळासारखा बुळबुळीत लागला, आणि तरीही बराचसा रंग वरच्या पाण्यातच होता. रात्रभर ठेवूनही तो खाली बसला नव्हता.

जमिनीखाली हवा नसते, तिथे लोह पाण्यात विरघळून राहतं. वर आलं की ऑक्सिजन मिळतो आणि त्याचं हायड्रॉक्साइड होऊन कण तयार होतात. इथवर शाळेत शिकलेलं असतं. पण हे कण खाली का बसत नाहीत, हे सांगायला सिलिका लागते, म्हणजे वाळू जिची बनलेली असते ती.

वाळू पाण्यात विरघळत नाही, असं आपण समजतो. खरं तर वाळूतला क्वार्ट्झही लिटरमागे ६ ते १० मिलिग्रॅम विरघळतो, आणि खडकातली इतर खनिजं कुजताना त्याहून जास्त सिलिका सोडतात. ती सिलिसिक आम्लाच्या रूपात पाण्यात असते. ना रंग, ना चव, आणि पीएच नऊच्या खाली जवळजवळ विद्युतभारही नाही. गोव्यातला आपला चिरा, म्हणजेच जांभा दगड, म्हणजे हीच सिलिका धुऊन गेल्यावर मागे उरलेलं लोह आणि अॅल्युमिनियम. लाखो वर्षांच्या पावसाने ती काढून नेली. चिऱ्याच्या थराखाली जी पांढुरकी मऊ माती लागते, तिथे अॅल्युमिनियम आणि सिलिका पुन्हा जोडले जाऊन केओलिन झालेलं असतं.

कळशीतही अशीच जोडणी होते. लोहाच्या ताज्या कणाच्या अंगावर हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असतात. सिलिसिक आम्लाचा रेणू तिथे टेकतो, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि लोह–ऑक्सिजन–सिलिकॉन असा पूल बांधला जातो. मग त्या जागी नवं लोह नीट बसू शकत नाही. कण वाढत नाही, त्याचा स्फटिक व्हायला फार वेळ लागतो. शिवाय अशा कणांवर ऋण भार वाढतो, ते एकमेकांना दूर लोटतात आणि तरंगत राहतात. काही देशांतले पाणीपुरवठावाले तर क्लोरिनसोबत मुद्दाम सोडियम सिलिकेट घालतात, म्हणजे लोह विखुरलेलं राहतं आणि कपड्यांवर डाग पडत नाहीत. आर्सेनिक काढणाऱ्या लोहाच्या गाळण्यांना मात्र हीच सिलिका नडते. आर्सेनिकने बसायच्या जागा ती आधीच अडवते.

आजी घागरीत तुरटी फिरवायच्या, ते अगदी योग्य होतं. तुरटीपासून अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे धन भाराचे फुगीर पुंजके होतात. ते या ऋण कणांना गोळा करून तळाला नेतात. जांभ्यातलं पाणी बहुधा किंचित आम्लधर्मी आणि फार मऊ असतं, म्हणून नुसत्या तुरटीने काम अर्धवट राहतं. जलशुद्धीकरणात अशा वेळी सोबत थोडा चुना देतात.

मांडवीच्या मुखाशी तुरटीचं काम समुद्राचं मीठ करतं. पावसाळ्यात नदीने आणलेले लोहाचे कण खारट पाण्यात शिरताच त्यांचा भार झाकला जातो आणि ते एकमेकांना चिकटून गाळात बसतात. विरघळलेली सिलिका बहुतेक पुढे जाते. तिथे डायटम नावाची सूक्ष्म शेवाळं ती उचलतात आणि तिची काचेसारखी कवचं बांधतात.