डिस्क विभाजन

डिस्क विभाजन, रूढ शब्दात पार्टिशनिंग : साठवणीच्या एकाच उपकरणावरील सेक्टरांचे (साठवणीच्या ठरावीक आकाराच्या, क्रमांक दिलेल्या कप्प्यांचे) सलग पट्टे पाडून प्रत्येक पट्टा स्वतंत्र डिस्कसारखा वापरण्याची पद्धत. पट्ट्याच्या आत फाइलींची मांडणी कशी असावी हे फाइल सिस्टिम ठरवते. विभाजन केवळ हद्द सांगते. ही हद्द म्हणजे सारणीतले दोन आकडे असतात, आरंभ आणि लांबी. ती सारणी कुठे ठेवायची, या प्रश्नाभोवतीच विषयाचा बराचसा इतिहास फिरतो.

उगमाबद्दल एकमत नाही. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर एका डिस्कचे सिलिंडर (चकत्यांवरील एकाच त्रिज्येच्या वर्तुळांचे संच) अनेक वापरकर्त्यांत वाटून देत, त्या तुकड्यांना मिनिडिस्क म्हणत. काहीजण विभाजनाची सुरुवात तिथे मानतात. मात्र मिनिडिस्कची हद्द नियंत्रक प्रणालीच्या निर्देशिकेत नोंदलेली असे. १९७० च्या दशकातील युनिक्समध्येही पट्ट्यांचे आकडे डिस्कच्या ड्रायव्हरमध्येच, म्हणजे ती चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्येच, लिहिलेले असत. काही पट्टे एकमेकांवर चढलेलेही असत, आणि त्यांतले कोणते वापरायचे हे व्यवस्थापकाने पाहायचे. डिस्क उचलून दुसऱ्या यंत्राला जोडली तर तिच्यावर काय कुठे आहे हे ती स्वतः सांगू शकत नसे. म्हणून डिस्कनेच स्वतःची हद्द सांगणे हा खरा टप्पा मानणारे मत अधिक ग्राह्य वाटते. बीएसडी युनिक्समध्ये अशी पाटी, डिस्कलेबल, १९८८ च्या सुमारास आली. वैयक्तिक संगणकांवर ते त्याआधीच घडले होते.

मार्च १९८३ मध्ये आयबीएम पीसी एक्सटी हा १० मेगाबाइटच्या हार्ड डिस्कचा संगणक आणि त्यासोबत डॉसची २.० आवृत्ती आली. तिने डिस्कच्या पहिल्याच सेक्टरमध्ये सारणी ठेवली. हाच पुढे मास्टर बूट रेकॉर्ड किंवा एमबीआर म्हणून ओळखला गेला. ५१२ बाइटांपैकी ४४६ संगणक सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला, ६४ सारणीला आणि शेवटचे २ खुणेला. ६४ बाइटांत १६ बाइटांच्या चारच नोंदी मावतात. चारची मर्यादा आली ती इतक्या साध्या भागाकारातून. पुढे विस्तारित विभागाची सोय करून, त्याच्या पोटात साखळीने आणखी विभाग ठेवून, ती ओलांडण्यात आली.

एक नोंद जवळून पाहावी. षोडशमान (१६ च्या पायावरच्या) पद्धतीत ती ८० २० २१ ०० ०७ अशी सुरू होते. ८० म्हणजे इथून संगणक सुरू करायचा. पुढचे तीन बाइट म्हणजे हेड, सेक्टर आणि सिलिंडर या जुन्या मोजणीतला आरंभ. ०७ हा प्रकार. मग शेवटाचे तीन बाइट, आणि त्यानंतर ०० ०८ ०० ००. हे चार बाइट उलट क्रमाने वाचायचे असतात. तसे वाचले की ८००, म्हणजे दशमानात २०४८ मिळतात. विभाग २०४८ व्या सेक्टरपासून सुरू होतो. पूर्वी ही सुरुवात ६३ वर असे. ६३ ला ८ ने भाग जात नाही, त्यामुळे आतून ४,०९६ बाइटांचे, म्हणजे ५१२ च्या आठपट, सेक्टर वापरणाऱ्या नव्या डिस्कवर फाइल सिस्टिमचा एकेक गट दोन सेक्टरांवर पसरे आणि लिहिणे मंदावे. विंडोज व्हिस्टापासून २०४८ रूढ झाले.

प्रकाराचा बाइट फसवा आहे. ०७ हा ओएस/२ ची एचपीएफएस, विंडोजची एनटीएफएस आणि एक्सफॅट या तिन्ही फाइल सिस्टिमना लागतो. ८२ लिनक्सच्या स्वॅपलाही (मेमरी अपुरी पडल्यास वापरायच्या तात्पुरत्या जागेलाही) होता आणि सोलारिस या युनिक्स प्रणालीच्या जुन्या आवृत्त्यांनाही; सोलारिसचा विभाग स्वॅप समजून पुसला जाण्याचा धोका त्यामुळे खरोखरच होता.

सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांचा असल्याने ५१२ बाइटांच्या सेक्टरांवर एमबीआर सुमारे २.२ टेराबाइटपुढे पोहोचत नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस इंटेलने ईएफआय या संगणक सुरू करण्याच्या नव्या व्यवस्थेसोबत आखलेली जीपीटी सारणी ६४ बिटांचे क्रमांक वापरते. तिच्यात सामान्यतः १२८ बाइटांच्या १२८ नोंदी असतात, चूक ओळखण्यासाठी बेरीज-तपासणी असते आणि डिस्कच्या शेवटी दुसरी प्रत असते. जुन्या साधनांनी डिस्क रिकामी समजू नये म्हणून पहिल्या सेक्टरमध्ये संपूर्ण डिस्क व्यापणारी एक संरक्षक नोंदही ठेवतात.

विंडोज विभागांना सी, डी अशी अक्षरे देते. युनिक्स परंपरेत ते एकाच निर्देशिका-वृक्षावर माउंट करतात, म्हणजे जोडतात. लिनक्सचे एलव्हीएम, सोलारिसचे झेडएफएस (२००५) आणि ॲपलचे एपीएफएस (२०१७) या व्यवस्थांत एका साठ्यातून अनेक व्हॉल्यूम (विभागासारखे वापरायचे भाग) जागा घेतात, त्यामुळे पक्क्या हद्दीची गरज कमी होते.

विभाग 'डिलीट' केल्याने मुख्यतः सारणीतली नोंद जाते, आतला मजकूर बहुधा जागेवर राहतो. सॉलिड स्टेट डिस्कवर मात्र रिकाम्या जागेची सूचना आत पोहोचली तर तोही लवकर नष्ट होऊ शकतो. नोंद हरवली असेल तर त्या डिस्कवर काहीही नवे लिहू नये. एनटीएफएस आपल्या बूट सेक्टरची प्रत विभागाच्या शेवटी ठेवते, लिनक्सची एक्सट प्रणाली सुपरब्लॉकच्या, म्हणजे फाइल सिस्टिमचा मूळ तपशील असलेल्या नोंदीच्या, प्रती जागोजागी ठेवते. टेस्टडिस्कसारखी साधने या खुणा शोधून आरंभ आणि लांबी पुन्हा काढतात.