संत्र्याचा वास चॉकलेटात कसा उतरतो

ताज्या संत्र्याच्या सालीचा तुकडा मेणबत्तीजवळ धरून चिमटा. बारीक तुषार उडतो आणि ज्योतीत तडतड ठिणग्या उमटतात. हे सालीतलं तेल. त्यात सर्वांत मोठा वाटा लिमोनिन या वासाच्या द्रव्याचा. लिमोनिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये आणि तुपालोण्यात मात्र सहज विरघळतं. घरी संत्र्याच्या लिक्युअरचे, म्हणजे गोड, सुगंधी दारूचे, ट्रफल (चॉकलेटचे मऊ गोळे) करताना मला याच गुणाचा सगळ्यांत जास्त उपयोग झाला.

नागपुरात आंबिया बहाराची संत्री आली की मी चार-पाच फळांच्या साली घेते आणि आतला पांढरा भाग सुरीने खरवडून टाकते, कारण तो कडू लागतो. साली आठवडाभर व्होडकात बुडवून ठेवल्या की व्होडका पिवळीधमक होते. मग ती गाळून त्यात गार केलेला साखरेचा पाक घालायचा. पाक पडताच ती जराशी गढूळ होते. घाबरू नका, ती बिघडलेली नाही. पाणी वाढलं की अल्कोहोलला सगळं तेल धरून ठेवता येत नाही, आणि त्याचे सूक्ष्म थेंब बाहेर पडून प्रकाश विखुरतात.

पहिल्या वेळी मी हे लिक्युअर चमचाभर थेट वितळलेल्या चॉकलेटात ओतलं. क्षणात त्या चकचकीत द्रवाचा रवाळ, घट्ट गोळा झाला. फार हळहळ वाटली. चॉकलेट म्हणजे कोको बटर या चरबीत तरंगणारे साखरेचे आणि कोकोचे बारीक कण. त्यात पाण्याचा अंश अगदी नगण्य. थोडंसं पाणी शिरलं की साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात, पावसाळ्यात डब्यातल्या साखरेचे खडे होतात तसे. आणि लिक्युअरमध्ये अल्कोहोलच्या जोडीला पाणी असतंच.

म्हणून आधी गनाश, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचं एकजीव मिश्रण, करायचं. २०० ग्रॅम डार्क चॉकलेट बारीक चिरा, त्यावर १०० ग्रॅम गरम क्रीम ओता, मिनिटभर हात लावू नका. मग मधोमध लहान वर्तुळात ढवळायला लागा. आता खेळ उलटा होतो: क्रीममधलं पाणी भोवती राहतं आणि चरबी थेंबाथेंबाने त्यात पसरते. दुधातली प्रथिनं आणि चॉकलेटमधलं लेसिथिन हे थेंब वेगळे ठेवतात. मिश्रण चमकू लागलं की जमलं. वर तेल सुटलं तर चरबीच्या मानाने पाणी कमी पडलंय. चमचाभर कोमट दूध घालून पुन्हा हलकेच ढवळलं की बहुतेक वेळा ते सावरतं.

लिक्युअर सगळ्यात शेवटी, ३० मिली, थोडं थोडं. गनाशचा थेंब मनगटावर ना गरम ना गार लागला पाहिजे. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, पण वास त्याच्या कितीतरी आधी उडू लागतो. गरम भांड्यात ओतलंत तर घरभर घमघमाट सुटेल आणि ट्रफलात फारसा उरणार नाही. अल्कोहोलबरोबर आलेलं लिमोनिन इथे कोको बटरमध्ये मुरतं आणि त्याला थोडं मऊही करतं.

गोळे वळायला डिसेंबरची सकाळच बरी. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं आणि तळहात जवळपास तेवढाच गरम असतो, म्हणून हाताला कोको पावडर लावून झटपट वळा. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना या फंदात पडूच नये. तोंडात मात्र हेच वितळणं हवं असतं. ट्रफल जिभेची उष्णता शोषत विरघळतो, म्हणून आधी किंचित गारवा जाणवतो; मग घशामागून संत्र्याचा वास नाकात चढतो.

अल्कोहोल शिजवून उडवलेलं नसल्यामुळे हे ट्रफल मोठ्यांसाठीच. मुलांसाठी करताना मी लिक्युअर वगळते आणि संत्र्याची साल वरवर किसून क्रीमसोबत गरम करते. दहा मिनिटं झाकून ठेवलं की लिमोनिन क्रीमच्या स्निग्धांशात उतरतं. मग गाळून, क्रीम पुन्हा गरम करून चॉकलेटवर ओतायचं.