हिमालयन आणि ३९० अ‍ॅडव्हेंचर : दोघींची माहेरं वेगळी

पुण्या-मुंबईत मोटरसायकलवरून लडाखचा बेत शिजू लागला की चहाचा दुसरा कप येईपर्यंत प्रश्न निघतोच : रॉयल एनफिल्डची हिमालयन घ्यायची की केटीएमची ३९० अ‍ॅडव्हेंचर? मग कोणी पॉवरचे आकडे सांगतं, कोणी किंमत, कोणी सर्व्हिस सेंटर किती लांब पडतं ते. हे सगळं उपयोगाचंच आहे. पण माझ्या मते त्याआधी या दोन गाड्या आल्या कुठून हे माहीत असायला हवं. रॉयल एनफिल्डने गाडी बांधली ती कच्च्या रस्त्यासाठी, आणि मग हळूहळू तिला हायवेवर आणलं. केटीएमने डांबरावरची गाडी घेतली आणि तिला कच्च्यावर उतरवलं. २०१६ ते २०२५ या काळात दोघी एकमेकींच्या दिशेने चालत आल्या. आज कागदावर त्या बहिणींसारख्या दिसतात. चालवायला घेतल्या की माहेर कळतं.

ही ओढाताण या दोन गाड्यांच्याही आधीची आहे. १९७६ साली यामाहाने एक्सटी ५०० आणली : एक सिलिंडर, साधी, दणकट, माळरानावरही जाईल आणि बाजारातही. २६ डिसेंबर १९७८ रोजी थिएरी साबीन यांनी पॅरिसहून सेनेगलमधल्या डाकारकडे पहिली रॅली सोडली, आणि मोटरसायकलवाल्यांत जिंकला तो सिरिल नव्हू, याच एक्सटी ५०० वर. सहारा ओलांडायची तर गाडी हलकी, एका सिलिंडरची हवी, असा तेव्हाचा समज होता. १९८० मध्ये बीएमडब्ल्यूने तो मोडला. आर ८० जी/एस ही जवळजवळ ८०० सीसीची, दोन सिलिंडरची, ५० हॉर्सपॉवरची गाडी. नावातला जी म्हणजे गेलेंडे, मोकळा ओबडधोबड प्रदेश. एस म्हणजे श्ट्रासे, रस्ता. मधे एक तिरपी रेघ. त्या रेघेतच या जातीच्या गाड्यांचा सगळा प्रश्न मावलेला आहे. रेघेच्या कोणत्या बाजूला किती वजन टाकायचं, याचं प्रत्येक कंपनीने आपापलं उत्तर दिलं. १९८१ मध्ये युबेर ओरिओलने बीएमडब्ल्यूवर डाकार जिंकली आणि जड गाडीही वाळूत चालते हे सिद्ध झालं.

जी/एसला पुढचं चाक २१ इंचांचं होतं. या आकड्यावर थोडं थांबू, कारण पुढे हिमालयन आणि केटीएमची सगळी तुलना याच्याभोवती फिरते.

चाक दगडावर चढतं तेव्हा दगडाची कड टायरच्या घेरावर कुठे लागते, याला महत्त्व असतं. चाक मोठं असेल तर कड खाली लागते, धक्का वरच्या दिशेला जातो आणि चाक दगडावरून घरंगळत पुढे निघतं. चाक लहान असेल तर तोच दगड भिंतीसारखा समोर येतो आणि धक्का थेट हँडलमध्ये बसतो. शिवाय २१ इंची चाकाला टायर सहसा अरुंद असतो, तो मऊ मातीत तरंगत बसत नाही, माती कापत खालच्या घट्ट थरापर्यंत जातो. हेच चाक डांबरावर मात्र जड पडतं. मोठं फिरतं चाक आपली दिशा सहज सोडत नाही, त्यामुळे घाटात डावं-उजवं करताना गाडी सावकाश झुकते, आणि अरुंद टायरची पकडही कमी. १९ इंची पुढचं चाक ही यातली तडजोड, आणि १७ इंची म्हणजे निव्वळ रस्त्याची गाडी.

आता आपल्याकडे.

मद्रासमध्ये १९५५ साली बुलेट जुळू लागली ती सैन्य आणि पोलिसांच्या गरजेपोटी. पुढे लडाखला मोटरसायकलने जायचं म्हणजे बुलेटनेच, असं समीकरण कितीतरी वर्षं टिकलं. खरं तर बुलेटमध्ये त्या रस्त्यांसाठी वेगळं असं काहीच नव्हतं. सस्पेन्शनची चाल, म्हणजे चाकाला वर-खाली जायची मोकळीक, थोडी, जमिनीपासूनची उंची बेताची. तिच्याकडे होता तो कमी आरपीएमलाही, म्हणजे इंजिन सावकाश फिरतानाही, ओढणारा टॉर्क आणि वाटेतल्या कोणत्याही मेकॅनिकला उघडता येईल असं इंजिन. लोक तेवढ्यावर लडाखची ‘खारदुंग ला’ खिंड चढून आले. या अनुभवातून रॉयल एनफिल्डला जे कळलं असेल ते कुठल्याही परदेशी कंपनीला विकत घेता आलं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

मधे एक गाडी येऊन गेली, तिला विसरणं अन्यायाचं होईल. २०११ मध्ये, होंडापासून वेगळी झाल्या झाल्या, हिरोने इम्पल्स आणली. १५० सीसी, लांब चालीचं सस्पेन्शन, उंच मडगार्ड. ब्राझीलमध्ये होंडा विकत असलेल्या गाडीवर ती बेतलेली होती. ताकद कमी पडली, खप झाला नाही, आणि काही वर्षांत ती बंदही झाली. पण कच्च्या रस्त्यासाठी बांधलेली गाडी लाखाच्या आत मिळू शकते हे तिने दाखवून दिलं, आणि २०१९ मध्ये त्याच कंपनीची एक्सपल्स २०० आली ती तिच्याच खांद्यावर उभी राहून. ऑफ-रोडिंग शिकायचं असेल तर मी अजूनही आधी एक्सपल्सच सुचवेन. दीडशे किलोची गाडी पडली तर एकट्याला उचलता येते. दोनशे किलोची पडली की दुसऱ्या माणसाची वाट पाहावी लागते.

२०१६ च्या फेब्रुवारीत हिमालयन दिसली आणि मार्चमध्ये १ लाख ५५ हजारांना विक्रीला आली. तिचं रूप पिअर टेरब्लाँश यांनी घडवलं, हे गृहस्थ त्याआधी डुकाटीत होते. चॅसीचं, म्हणजे सांगाड्याचं, काम इंग्लंडच्या हॅरिस परफॉर्मन्सकडे, ही कंपनी रॉयल एनफिल्डने आदल्याच वर्षी विकत घेतली होती. पुढे २१ इंची चाक, मागे १७. पुढच्या सस्पेन्शनची चाल २०० मिलीमीटर, मागची १८०, जमिनीपासूनची उंची २२०. आणि एवढं असूनही सीट ८०० मिलीमीटरवरच. हा शेवटचा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. साडेपाच फुटांच्या माणसाचे दोन्ही पाय चिखलात टेकले तर तो गाडी चिखलात घालेल, नाही टेकले तर लांबूनच परत वळेल.

इंजिन ४११ सीसीचं, अगदी नवीन, बुलेटमधून काढलेलं नव्हे. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७८ मिलीमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, ८६. स्ट्रोक बोअरपेक्षा लांब ठेवायचा निर्णय जाणूनबुजून घेतलेला होता. पॉवर जेमतेम साडेचोवीस बीएचपी, पण ३२ न्यूटन मीटर टॉर्क चार-साडेचार हजार आरपीएमलाच हाती येतो. दगडांच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्येही ती न कुरकुरता चढते. हायवेवर मात्र शंभराच्या पुढे तिचा जीव वर येतो. पुण्याहून मनाली गाठायची म्हणजे दोन हजार किलोमीटरच्या आसपास हायवे, आणि खरा कच्चा रस्ता त्यानंतर. म्हणजे ज्या भागासाठी गाडी बांधली तिथे पोहोचायलाच तीन-चार दिवस घाम गाळायचा. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांना ही गोष्ट दिल्लीवाल्यांपेक्षा जास्त बोचली.

दुसऱ्या गाडीचं माहेर तर आपल्या चाकणला, बजाजच्या कारखान्यात. बजाजने २००७ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये १४.५ टक्के हिस्सा घेतला, पुढे तो वाढवत नेला, आणि २०१२ मध्ये डांबरावरची ड्यूक २०० बाजारात आली. पुढच्या वर्षी ड्यूक ३९०. ३७३ सीसी, बोअर ८९, स्ट्रोक फक्त ६०. हिमालयनच्या बरोबर उलटा स्वभाव : आखूड स्ट्रोक, उंच आरपीएम, नऊ हजाराला ४३ हॉर्सपॉवर.

केटीएम म्हणजे डाकारची कंपनी. २००१ मध्ये फाब्रित्सिओ मेओनीने त्यांना पहिला विजय मिळवून दिला आणि तिथून २०१९ पर्यंत झालेली प्रत्येक रॅली केटीएमनेच जिंकली, ओळीने १८. आपला सी. एस. संतोष २०१५ मध्ये डाकार पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला तो केटीएमवरच. मोठी ९५० अ‍ॅडव्हेंचर तर थेट मेओनीच्या रॅलीच्या गाडीतून उतरलेली. त्यामुळे धाकटी अ‍ॅडव्हेंचरही वाळवंटातूनच येणार असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं.

जानेवारी २०२० मध्ये ती आली २ लाख ९९ हजारांना, आणि तिच्यात ड्यूकचं रक्त होतं. पुढचं चाक १९ इंची, तेही अलॉयचं. सस्पेन्शनची चाल पुढे १७०, मागे १७७. सीट ८५५ मिलीमीटरवर. सोबत वळणात झुकलेली गाडी ओळखून काम करणारा एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा), मागचं चाक घसरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल, क्लच न दाबता गिअर बदलू देणारा क्विकशिफ्टर. ही सामग्री तोवर या किमतीत कोणी दिलेली नव्हती. ताम्हिणीतून किंवा आंबोलीतून उतरताना या गाडीसारखा विश्वास दुसरी देत नाही, हे मी आजही म्हणेन. पण मोठ्या दगडांवर अलॉय व्हील म्हटलं की काळजी आलीच. आऱ्यांचं चाक धक्का खाऊन थोडं लवचिकपणे सोसतं, वाकलं तरी ठोकून सरळ करता येतं. अलॉयला एकदा तडा गेला की खेळ संपतो. २०२२ मध्ये केटीएमने अलॉय अधिक मजबूत केले, आणि २०२३ मध्ये आऱ्यांच्या चाकांची आवृत्ती दिली. रायडरांचं म्हणणं ऐकलं गेलं, उशिरा का होईना.

त्याच जानेवारी २०२० मध्ये प्रदूषणाच्या नव्या, बीएस-६ नियमांतली हिमालयनही आली होती, आणि तिच्यात एक छोटं बटण होतं : मागच्या चाकाचा एबीएस बंद करायचं. १२५ सीसीवरच्या सगळ्या गाड्यांना एबीएस सक्तीचा झाल्यावर या बटणाची गरज पडली. डांबरावर एबीएस जीव वाचवतो. मुरमाच्या उतारावर मात्र तो चाक लॉकच होऊ देत नाही, आणि सुट्या खडीत गाडी थांबायला चाक थोडं लॉक होऊन पुढे मातीचा ढीग जमावा लागतो. केटीएमने हेच काम ऑफ-रोड मोडने केलं. एकच अडचण, दोन्ही घरांत जवळपास सारखंच उत्तर. वाटा जवळ यायला इथूनच सुरुवात झाली होती.

दरम्यान रस्तेही बदलत होते. २०२० मध्ये रोहतांगखालचा अटल बोगदा उघडला, लडाखचे कितीतरी खडबडीत पट्टे डांबरी झाले. निव्वळ दगडांसाठी बांधलेली गाडी आता हायवेवर टिकणं गरजेचं झालं. २०२२ मध्ये रॉयल एनफिल्डने हिमालयनचीच स्क्रॅम ४११ काढली, पुढे १९ इंची चाक लावून. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये, कंपनीच्या गोव्यातल्या मोटोव्हर्स मेळाव्यात, नव्या हिमालयनची किंमत जाहीर झाली : २ लाख ६९ हजारांपासून. ४५२ सीसी, ४० हॉर्सपॉवर, सहा गिअर, आणि कंपनीच्या इतिहासात पहिल्यांदा पाण्याने थंड होणारं इंजिन. सस्पेन्शनची चाल दोन्हीकडे २००. वजन मात्र १९६ किलो, ते काही हटलं नाही.

या गाडीच्या चाकांची कथा मला फार आवडते. साध्या आऱ्यांच्या चाकात आरे रिमला भोकं पाडून बसवतात, त्यामुळे हवा धरायला ट्यूब लागते आणि पंक्चर काढायला चाक खोलावं लागतं. बीएमडब्ल्यूने १९८७ च्या आर १०० जीएसमध्ये आरे रिमच्या कडांना बांधले. मधे भोकच नाही, म्हणून टायर ट्यूबलेस. नव्या हिमालयनला तशी चाकं भारतात मिळू लागली ती २०२४ मध्ये. ज्याने लडाखमधल्या पांगच्या थंडीत टायर रिममधून सोडवलाय त्याला या एका बदलाची किंमत सांगावी लागत नाही.

३० जानेवारी २०२५ रोजी केटीएमने उत्तर दिलं. नवी ३९० अ‍ॅडव्हेंचर, ३ लाख ६८ हजारांना. ३९९ सीसी, ४६ हॉर्सपॉवर, पुढे २१ इंची आऱ्यांचं चाक, सस्पेन्शनची चाल दोनशेच्या घरात, आणि सीट उंच व्हायच्या ऐवजी ८३० वर आलेली. ज्यांना रस्ताच जास्त करायचा त्यांच्यासाठी १९ इंची अलॉयची ३९० अ‍ॅडव्हेंचर एक्स वेगळी, २ लाख ९१ हजारांना. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीवरच्या मोटरसायकलींचा जीएसटी ४० टक्के झाला, त्याची झळ दोघींना सारखीच.

म्हणजे चाकं जुळली, सस्पेन्शन जुळलं, करही जुळला. उरलं ते इंजिन. नव्या हिमालयनचा बोअर ८४ आणि स्ट्रोक ८१.५, म्हणजे लांब स्ट्रोकचा हट्ट सुटलाय, पण स्ट्रोक अजून बोअरच्या जवळपासच आहे. केटीएमने स्ट्रोक ६० वरून ६४ वर आणलाय, म्हणजे एक पाऊल खाली, पण पाय अजून उंच आरपीएमवरच. मागे सामानाच्या बॅगा, पावसाने धुपलेला मुरमाचा चढ, वर दिसत नाही असं वळण, अशा ठिकाणी दोन्ही चालवून बघा. हिमालयनला दुसऱ्या गिअरमध्ये अलगद सोडून दिलं तरी ती टुकटुक करत वळण घेते. केटीएमला तिथे क्लच धरून आरपीएम वर ठेवावे लागतात, सीटवरून उठून उभं राहावं लागतं, आणि तसं केलंत तर ती हिमालयनच्या आधी वर पोहोचलेली असते.