रँचवरची ख्रिस्ती कादंबरी आणि ‘क्लीन’ कादंबरी: फरक कसा ओळखायचा

मुखपृष्ठावर हॅट घातलेला काउबॉय, आत शय्यादृश्य नाही, शिव्या नाहीत. एवढ्यावरून पुस्तक ख्रिस्ती ठरत नाही. अमेरिकेत ‘क्लीन’, म्हणजे सोज्वळ, रोमान्स हा वेगळा प्रकार आहे. हार्लेक्विन हे प्रकाशन दोन्ही छापतं: 1997 पासूनच्या ‘लव्ह इन्स्पायर्ड’ मालिकेत श्रद्धा हवीच, ‘हार्टवॉर्मिंग’मध्ये कुटुंब, गाव आणि प्रेम पुरतं.

प्रार्थना आणि चर्चचे प्रसंग काढून वाचून बघा. कथा जशीच्या तशी उभी राहिली, तर पुस्तक क्लीन आहे, मग नायक दर रविवारी चर्चला जात का असेना. ख्रिस्ती कादंबरीत लग्नाआड येणारी गोष्टच श्रद्धेची असते. विश्वासणाऱ्याने अविश्वासणाऱ्याशी विजोड जोडी करू नये, असं बायबलमधल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (6:14) आहे, आणि इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलला प्रमाण मानणाऱ्या प्रोटेस्टंट पंथांतले, वाचक ते मनापासून मानतात. म्हणून देवावर रुसलेल्या काउबॉयचं देवाशी आधी जुळावं लागतं, मागणी त्यानंतर. क्लीन कादंबरीत कर्ज, जुनं भांडण, शहरातली नोकरी एवढे अडथळे चालतात.

बहुतेक ख्रिस्ती कादंबऱ्या फसतात त्या इथेच. मनपालट शेवटच्या प्रकरणात उरकला, की तो नायिकेसाठी केल्यासारखा वाटतो. त्याची बीजं पहिल्या काही प्रकरणांतच दिसायला हवीत. पाळकाच्या तोंडी दोन पानी प्रवचन आलं, तर कथा तिथेच थांबते. आणि प्रार्थना करताच पाऊस पडून रँच वाचली, तर श्रद्धेची कसोटी लागतच नाही.

रँचचं काम मात्र दोन्हीकडे अचूकच हवं. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात वळू जूनमध्ये कळपात सोडला, तर गाय सुमारे 283 दिवसांनी, मार्चच्या थंडीत विते. पहिलटकर कालवडींवर रात्रभर लक्ष ठेवावं लागतं. एखादी अडली, तर वासराच्या पुढच्या पायांना साखळी लावून कळ येईल तेव्हाच ओढायचं, आणि वासराला पहिल्या सहा तासांत चीक पाजायचा. ही रात्र क्लीन कादंबरीत दोघांना जवळ आणते, तेवढं पुरतं. ख्रिस्ती कादंबरीत प्रार्थना करूनही वासरू दगावू शकतं, आणि पुढचं प्रकरण त्या माणसाच्या देवाशी चाललेल्या भांडणाचं असतं.