लपलेल्या जिवांचे सिनेमे: लंडनच्या आधी नाशिक

उन्हाळ्याच्या सुट्टीत हिंदी डबिंग लावून पाहिल्या जाणाऱ्या इंग्रजी सिनेमांचा एक साचा आता नाशिकच्या पोरांनाही पाठ झाला आहे. शहरातून आलेली भावंडं एका जुनाट वाड्यात राहायला जातात, माळ्यावर त्यांना एखादी जुनी वही सापडते, आणि परसातच राहणारे अद्भुत जीव त्यांना दिसू लागतात. आईला मात्र यातलं काहीच दिसत नाही. ‘द स्पायडरविक क्रॉनिकल्स’ हा २००८चा सिनेमा या साच्याचा नमुना म्हणून घेता येईल. २००३-०४मध्ये आलेल्या पाच छोट्या पुस्तकांवर तो बेतला होता. त्यात मुलं गॉब्लिनांच्या, म्हणजे दुष्ट बुटक्या भुतांच्या, टोळीशी लढतात ती टोमॅटो सॉस आणि पोलादाच्या जोरावर!

सॉस ही गंमत. पोलाद मात्र फार जुनं आहे. स्कॉटलंडमधल्या ॲबरफॉइल गावचा पाद्री रॉबर्ट कर्क याने १६९१-९२च्या सुमारास तिथल्या अदृश्य प्रजेची रीतसर माहिती लिहून ठेवली. ही प्रजा जमिनीखाली राहते, माणसांची मुलं पळवते, आणि लोखंडाला भिते. म्हणून बाळंतिणीच्या अंथरुणात लोखंडाचा तुकडा ठेवतात, असं तो नोंदवतो. बाळंतिणीच्या उशाशी विळा किंवा अडकित्ता ठेवणाऱ्या आपल्या आज्यांनी कर्कचं नावही ऐकलेलं नव्हतं. कर्कचं लिखाण छापून यायला १८१५ साल उजाडलं. तोवर तिकडे गिरण्या उभ्या राहत होत्या, खेडी रिकामी होऊ लागली होती, आणि मोठ्या माणसांनी या प्रजेवरचा विश्वास जवळजवळ सोडला होता. मग ही प्रजा मुलांच्या वाट्याला आली. १९०२ साली ई. नेस्बिट या लेखिकेने पाच भावंडांना खडीच्या खाणीत एक वाळूतला जीव भेटवला. तो रोज इच्छा पुरवतो आणि सूर्यास्ताला ती विरून जाते. मुलांना दिसतं आणि मोठ्यांना नाही, ही आज सिनेमात पेटंट झालेली गोष्ट तेव्हाच रुळली होती.

सिनेमापर्यंत यायला कॅमेऱ्याची लबाडी कामी आली. १९१७मध्ये इंग्लंडातल्या कॉटिंगली गावात दोन मावस बहिणींनी ओढ्याकाठी पऱ्यांचे फोटो काढले. एक सोळा वर्षांची, दुसरी नऊची. शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉयल त्याला भुलला आणि १९२०मध्ये त्याने ते फोटो मासिकात छापून आणले. कागदाच्या कापलेल्या आकृत्या टाचण्यांनी उभ्या केल्या होत्या, हे त्या बहिणींनी कबूल केलं थेट १९८३मध्ये.

नेमक्या याच वर्षांत नाशिकमध्ये एक माणूस कॅमेऱ्याने तेच करत होता, पण उघडउघड. धुंडिराज गोविंद फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे. ते जादूचे प्रयोग करत, आणि त्यासाठी ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव त्यांनी घेतलं होतं. फाळके उलटं वाचा. त्यांच्या सिनेमाकडे पाहताना ही जादूगारी विसरून चालत नाही. ‘पौराणिक’ असा शिक्का मारून आपण ती बाजूला सारतो, हे मला कायम खटकत आलं आहे. १९१८मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी नाशिकला सुरू झाली, आणि पुढच्याच वर्षी ‘कालिया मर्दन’ आला. कृष्ण झाली होती फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, वय वर्षं सात.

गोष्ट सोडा, फक्त ऐवज पाहा. एक खट्याळ मूल, गावच्या नदीच्या डोहात दडलेला विषारी, अवाढव्य नाग, मूल झाडावरून उडी मारतं, पाण्याखाली झुंज होते, आणि काठावर आईचा जीव टांगणीला लागतो. पाण्याखालची मारामारी आणि काठावरची घालमेल फाळके आलटून पालटून दाखवतात. कौटुंबिक साहसपट याहून वेगळा काय असतो? सिनेमाच्या सुरुवातीला तर मंदाकिनीचा चेहराच नुसता दिसतो. ती रागावते, हसते, घाबरते. ही मुलगी काय काय करू शकते ते आधी पाहून घ्या, असं जणू बाप प्रेक्षकांना सांगतो. मग ती कृष्ण होते, आणि तिथे साधं मूल संपून देव सुरू होतो.

आपली वाट तिथेच निराळी झाली, असं मला वाटतं. कालिया दडलेला आहे, पण गुपित नाही. अख्ख्या गोकुळाला ठाऊक आहे तो कुठल्या डोहात आहे. आपल्याकडचे सगळेच अद्भुत जीव असे पत्त्यासकट राहतात. सात आसरा कुठल्या डोहाशी, मुंजा कुठल्या पिंपळावर, हे लहानथोर सगळ्यांना माहीत असतं. शेंदूर लावलेले दगड त्या पत्त्याची पाटीच म्हणायची. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक भागातल्या बोहाड्यात देव आणि राक्षस मुखवटे चढवून रात्रभर संबळाच्या तालावर भर गावात नाचतात. सोंग आलं की पुढे बसलेली पोरं मागे सरकतात, आणि त्यांच्या मागे बसलेल्या मोठ्यांनाही तेच सोंग दिसत असतं. पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सहा यक्ष ओसरीचा भार खांद्यावर घेऊन जमिनीतून अर्धे वर आले आहेत. त्यांना पाहायला माळ्यावरची वही लागत नाही. फाळके स्मारक त्याच डोंगराच्या पायथ्याशी आहे.

देव नसलेलं मूल आणि त्याला भेटणारा जीव हे मराठीत आले, पण सिनेमात नव्हे, नाटकात. सुधा करमरकरांच्या लिटल थिएटरने १९५९मध्ये रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ केलं. पुढे मतकरींच्याच ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी अशी रंगवली की पोरं घाबरत आणि पुन्हा तिलाच पाहायला येत. रंगमंचावर झगा, रंग आणि आवाज एवढ्यात चेटकीण उभी राहते. पडद्यावर तिला ट्रिक लागते, ट्रिकला पैसा लागतो, आणि मराठी बालचित्रपटाकडे तो कधीच फारसा नव्हता.

पैसा आणि हिंमत दक्षिणेत दिसली. १९८४मध्ये मल्याळममध्ये भारताचा पहिला थ्रीडी सिनेमा झाला. त्याचा विषयच हा: मांत्रिकाच्या तावडीतून सुटलेला छोटा कुट्टिचातन, म्हणजे केरळी लोककथेतलं पोरसवदा भूत, आणि त्याच्याशी मैत्री करणारी मुलं. हिंदीत तो ‘छोटा चेतन’ म्हणून आला. आपला मुंजा संगणकाच्या मदतीने पडद्यावर अवतरायला २०२४ साल उजाडलं. सिनेमा हिंदी होता आणि दिग्दर्शक मराठी, आदित्य सरपोतदार. त्या सिनेमातलं भूत लहान मुलाचं आहे, पण त्याच्याशी झुंजतात ती सगळी मोठी माणसं.