पार्श्वभूमी : उग्र देवतांची चित्रं आणि त्यांची जागा

उग्र देवतेची तसबीर घरात लावू नये, असं आजही वडीलधारी मंडळी सांगतात. नरसिंह हवाच असेल तर मांडीवर लक्ष्मी असलेला आणावा. हा संकेत बराच जुना. विष्णुधर्मोत्तर पुराणातलं चित्रसूत्र सांगतं, की घरातल्या चित्रांत शृंगार, हास्य आणि शांत एवढेच रस असावेत. देवालयात आणि राजसभेत मात्र सगळे चालतात. म्हणजे रौद्र रंगवायला मनाई नव्हती, फक्त ते कुठे रंगवायचं ते ठरलेलं होतं.

म्हणून आंध्रातल्या लेपाक्षीचा विजयनगरकालीन वीरभद्र, म्हणजे शिवाचं उग्र रूप (16वं शतक), मंदिराच्या छतावर रंगवलेला आहे, पायाशी देणगी देणारे इवलेसे. केरळात तर भद्रकाळी जमिनीवर उमटते. कळमेळुत्तू म्हणतात त्याला. तांदळाचं पीठ, हळद, तुसाचा कोळसा, हिरव्या पानांची पूड आणि हळद-चुन्याचा लाल, असे पाचच रंग. कित्येक तास खपून देवी पुरी करायची आणि विधी आटोपला की पुसून टाकायची. उग्र रूप मुक्कामाला ठेवायचं नाही, हे याहून ठसठशीतपणे कुठे दिसत नाही.

17व्या शतकाच्या उत्तरार्धात जम्मूतल्या बसोलीकडच्या पहाडी चित्रकारांनी देवीची ध्यानरूपं हातात मावतील एवढ्या कागदांवर रंगवली. दागिन्यांतल्या पाचूच्या जागी त्यांनी भुंगेऱ्याच्या पंखांचे हिरवे तुकडे चिकटवले. पान जरासं कलतं केलं की ते लकाकतात. भीतीपेक्षा ऐट जास्त, असं माझं मत.

हा संकेत मोडला तो बाजारानं. 19व्या शतकात कलकत्त्याच्या कालीघाटचे पटुए, म्हणजे पट रंगवणारे चित्रकार, स्वस्त गिरणी कागदावर काली रंगवून यात्रेकरूंना विकू लागले. पुढे शिळाछाप, म्हणजे दगडावरून होणारी छपाई, आली: 1878 मध्ये कलकत्ता आर्ट स्टुडिओ, 1894 मध्ये मुंबईत रविवर्म्यांचा छापखाना. काली खिळ्याला टांगून घरोघर गेली.

पण जाताना ती बदलली. देवीमाहात्म्यातली काली मांस सुकलेली, डोळे खोल गेलेले आणि लाल. छापील काली भरल्या अंगाची, तरणी. जीभ तेवढी बाहेर राहिली. माहात्म्यात हीच काली, म्हणजे चामुंडा, तोंड वासते ते रक्तबीज दैत्याचं रक्त भुईवर पडून त्यातून नवे दैत्य उपजू नयेत म्हणून. तसबिरीपुढे मात्र सांगतात, नवऱ्यावर पाय पडला म्हणून लाजेनं चावलीय.